टोकाची बदकी

अकरा आणली टोपलीत घालून, वरून जुनं धोतर बांधून,
अर्जुनीच्या बाजारातून, एसटीच्या मागच्या सीटवर.
कंडक्टरनं एक अर्धं तिकीट फाडलं.
कुणाचं, ते बोलला नाही.

पहिल्याच दिवशी समजलं,
यांना पाणी नुसतं प्यायचं नसतं,
पाण्याचं काहीतरी करायचं असतं.
परात ठेवा, घमेलं ठेवा,
दाणा आधी पाण्यात, मग पोटात,
आणि घटकाभरात अंगणाचा राबडा.
मामाजी खाटेवरून म्हणाले,
"इमले, आता आंगनातच रोवना लावून टाक."

नर दोनच.
शेपटीवर वळलेलं एक पीस, तेवढा रुबाब.
आवाज मात्र बसलेला,
मंडईच्या नाटकात रात्रभर राजा झालेल्या माणसासारखा.
बाकी सगळा गलबला बायांचा.

रोवण्याला तीन आठवडे झाले, धान रुजला,
तेव्हा सोडली बांदीत.
दोन ओळींच्या मधून चालली, धानाला धक्का नाही.
चोच खाली, शेपटी वर,
गोगलगायी, तुडतुडे, धुऱ्यात भोकं पाडणारी खेकड्यांची पिल्लं,
जे सापडेल ते.
मागे पाणी गढूळ, आणि गढुळात
सावा काही उगवलाच नाही.
मी कमरेवर हात ठेवून उभी.
त्या वर्षी निंदणाला एकच दिवस बाया लावल्या,
त्याही गप्पाच जास्त मारून गेल्या.

शेजारच्या उरकुडा डोंगरवारानं
धुऱ्यावरची फट काट्यांनी बुजवली.
"तुह्ये बदकं माह्या बांदीत हागतेत."
संध्याकाळी अकराही आली नेहमीच्या वाटेनं,
काट्यांपुढे रांगेत उभी राहिली.
चार हातांवर दुसरी वाट मोकळी होती.
त्यांना ती वाट नव्हतीच.
अंधार पडला, तरी उभी.
ओरडली नाहीत, हेच वाईट.
शेवटी उरकुडानंच कंदील आणला,
काटे उचलले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बेअक्कल जात आहे."
पुढच्या पंधरवड्यात त्याची बांदीही
माझ्या बांदीसारखीच स्वच्छ.
काटे अजून त्याच्या कुडाला टेकून आहेत.

अंडी पहाटे देतात, मनाला येईल तिथे.
म्हणून आठ वाजेपर्यंत कोंडून ठेवायची,
नाहीतर तणसात, चुलीमागे, एकदा तर
नवऱ्याच्या राइस मिलच्या बुटात.
निळसर, जड, हातात धरलं की
कुणाचा तरी ऐवज धरल्यासारखं.
बाजारात पहिले चार आठवडे कुणी घेईना,
"वास मारते वो बाई."
मग बंगाली वस्तीतल्या निरोदा मंडल आल्या,
टोपलीवर वाकल्या, एकेक अंडं कानाशी हलवून बघितलं,
सगळी घेतली.
पुढच्या मंगळवारी मोहरीच्या तेलात केलेला रस्सा
डब्यातून घेऊन आल्या.
आमची भाषा अर्धी अर्धी, रस्सा पूर्ण.
मी तो डबा रिकामा परत नेला नाही,
आमच्याकडे तसं करत नाहीत.
मोहफुलं घातली त्यात वाळवलेली.

रात्री मात्र मी बघत बसते.
नवरा मिलवर असतो, मामाजी खोकतात,
ती कुडाच्या आडोशाला रांगेत झोपतात.
मधली दोन्ही डोळे मिटून.
टोकाची एक डोळा उघडा ठेवते,
बाहेरच्या अंगाचा,
जिकडून मुंगूस येऊ शकतं.
किती वेळ? माहीत नाही.
कधीतरी ती उठते, उलटी फिरते,
आणि मग दुसरा डोळा उघडा.

कुणी सांगितलं असेल तिला तिथे झोपायला?
का सगळ्यांत शेवटी आली, म्हणून?
मला विचारलं असतं तर
मी सांगितलं असतं, टोकाला थंडी जास्त लागते.

आज मी खाट जरा पुढे ओढली.
मामाजींनी विचारलं, "काहून वो?"
म्हटलं, "हवा येते इकडून."
तिनं मान वळवली,
एका डोळ्यानं मला पाहिलं,
आणि मिटला नाही.