गुरुवारी, तळघरात, पृथ्वीपासून दूर

ओउलूत जानेवारीत सूर्य हजेरीपुरता येतो,
सही करतो, आणि दोनच्या सुमारास घरी.
आम्ही पाचला तळघरात उतरतो,
इमारतीच्या कपडे वाळवायच्या खोलीत,
जिथे कुणाचे तरी लोकरी मोजे
आमच्या आकाशगंगेवर ठिबकत असतात.

टेबलाचा एक पाय आखूड.
फासे टाकले की घरंगळत राइमोकडे.
तो म्हणतो, गुरुत्वाकर्षण आहे, तक्रार कसली.

वाद जुनाच : कुठला खेळ खरा.

राइमोचा तो, शिवण उसवलेल्या पुस्तकाचा.
सहा बाजूंचे दोन फासे, बस.
सात सारखे पडतात, बारा कधीमधी.
पात्र घडवायचं तर आधी नोकरी करायची,
दर चार वर्षांनी एक दान,
आणि दान उलटं पडलं
तर खेळ सुरू व्हायच्या आधीच तुम्ही मेलेले.
पदरी पडलं, पवित्र झालं.
बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनाशी तीस हिवाळे काढलेल्या माणसाला
यात क्रूर काही दिसत नाही.

हिल्क्का रात्रपाळीची नर्स.
तिला चीड वीस बाजूंच्या फाशाची,
नावापुढे मांडलेल्या प्राणांच्या बेरजेची : बेचाळीस.
एक्केचाळीस गेले तरी गडी धावतोय, लेझर झाडतोय!
"असा एक पेशंट आणून दाखवा मला."
तिचा खेळ भीतीच्या फाशांचा :
घाबरलात की मुठीत एक जादा फासा,
हात दुप्पट चालतो,
आणि त्याच फाशावर एक आला, की तोल सुटला.
"पहाटे तीनला अपघात विभागात
मी अशीच असते," ती म्हणते,
आणि पुढचं सांगत नाही.

सैमा एकवीसची, तिला फासेच नकोत.
कोटाची बटणं आणते डबाभर.
आपली एक चूक कबूल करा, बटण घ्या.
बटण द्या, गोष्ट वळवा.
राइमो म्हणतो, ही तर लाच.

माझाही एक लाडका आहे. कुणी खेळत नाही.
शंभरात टक्के काढायचे,
आणि यानाला भोक पडलं तर अकरा पानांचे तक्ते.
मी तो झोप येत नसेल तेव्हा वाचतो.

परवाच्या गुरुवारी राइमोचं यान अडकलं.
नाव त्यानेच ठेवलेलं, 'हाल्ला',
त्याच्या जहाजाचं,
जे या शरदात भंगारात कापलं.
इंधन एका उडीने कमी.
त्याने तीनदा मांडलं, पेन्सिलीने, हातचे वर लिहून,
तीनदा तेच आलं.
मी पंच. तक्ते चाळत राहिलो, उगाच.

सैमाने टेबलावरून एक बटण सरकवलं,
पितळी, नांगराचं चित्र असलेलं.
कुठून शोधून आणलं होतं कोण जाणे.
त्याने ते बोटाने परत लोटलं.
"इंधन म्हणजे इंधन."
हिल्क्का मोज्यांकडे बघत म्हणाली,
"आमच्याकडे डॉक्टरही कधी कधी बटण सरकवतात."

वाळवणाचा पंखा तेवढा घरघरत होता.
राइमोने नोंदवहीत लिहिलं :
स्थान, तारीख, खलाशी सहा, सर्व जिवंत.
बंदर कार्यालयाला लिहावं तसं, सुवाच्य.
आणि वही मिटली.

मग म्हणाला, नवा माणूस घडवू.
पुन्हा दोन फासे. अठराव्या वर्षी भरती,
बावीस, सव्वीस, तीस,
बढती, एक पदक, गुडघ्याला इजा,
चाळिसाव्या वर्षापर्यंत नशीब वाटेल ते देत होतं.
त्रेचाळिसाव्याला इंजिनघरात मेला.
नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

आणि राइमो हसला.
ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, डोळे पुसावे लागतील इतका,
"हा बघा, सुटला लेकाचा, पहिल्या पानावरच!"
हिल्क्काही हसली, सैमा नुसती बघत राहिली.

त्याने तो कागद चार घड्या करून
टेबलाच्या आखूड पायाखाली सारला.
वाकताना गुडघा वाजला, त्याचा स्वतःचा.

सैमाने, बटणांचा डबा बाजूला ठेवून,
दोन्ही फासे उचलून टाकले.
तीन आणि एक. वाईट दान.
पण पडले तिथेच थांबले.