आळं

ढगाळ दिवस पाहून अंजीर उघडावं,
असं सनोबरचे सासरे सांगत.
चार महिने अंधारात काढलेल्याला
एकदम ऊन दाखवू नये, डोळे जळतात.
झाडाला कुठले डोळे, मी म्हणायचे.
असतात म्हणे. पेरापेराला एक, मिटलेला.

आज मर्गिलानवर आभाळ करडं आहे.
शेजारच्या जर्दाळूला काल फूल आलं,
म्हणून कुदळ काढली.
वरची माती कुदळीनं,
मग पऱ्हाट्या, मग फाटकी रजई,
आणि शेवटची वीतभर माती
हातांनीच. तिथे लोखंड चालत नाही.

सनोबर पलीकडून उकरते, मी अलीकडून.
नोव्हेंबरपासून आमचं बोलणं कामापुरतं.
मीठ. सरपण. दार लाव.
निळ्या चहादाणीचं झाकण हरवलं,
ते, पांढरी कापसाची बोंडं रंगवलेलं,
आणि मी सुनेवर आळ घेतला.
आईनं तुला हात दिलेत की चाळण्या?
ती म्हणाली, मी नाही हरवलं.
मग काय मांजरीनं चहा केला?
हिवाळाभर चहादाणीवर बशी उपडी घातली.
बशी दर वेळी घसरायची,
दर वेळी मी तिच्याकडे बघायचे.

फांद्या जमिनीलगत निजलेल्या.
एकीला बुरशी. नखानं साल खरवडली,
पांढरा चीक आला. आहे, म्हटलं, जीव आहे.
दुसरीला आला नाही, ती छाटली.
तिसरीच्या बुडाशी
काहीतरी गोल, कडक.
पदराच्या टोकाला थुंकी लावून पुसलं.
निळं. पांढरं बोंड.

पुरण्याच्या दिवशी थंडी फार होती.
चहा इथे बाहेर मीच आणला होता.
मीच.

सनोबरनं पाहिलं.
मग फांदीखाली बेचकं लावत म्हणाली,
एकदम उभी करू नका, मोडेल.
आज वीतभरच.
उरलेली उद्या बघू.

मी आळं करत बसले, बराच वेळ,
लागतं त्याहून खोल.
मग आत जाऊन चहा टाकला.
सून घरात असताना सासू चहा ओतत नाही.
झाकण बसलं, टक्क आवाज करून.

आमच्यात ज्याला मान द्यायचा
त्याचा पियाला भरत नाहीत,
कमी ओतायचं,
म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं.

मी तिला घोटभरच ओतला.