बालिंग्याच्या पुलाअलीकडं

बेकरीची गाडी होती ती.
अठरा वर्षं खारी, टोस्ट, क्रीमरोल
पहाटे चारला वाहून दमलेली.
उद्यमनगरात मुबारकनं पत्रा कापून खिडकी काढली,
फळ्या मी ठोकल्या.
चाळीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न केले,
लाकडाचं मला कळतं.
दोन बाकं, दिवसा बसायची, रात्री झोपायची,
शेगडीला कप्पा, कळशीला कडं,
आणि छताला एक हूक,
तो कशाला ते ठरलं नव्हतं.

मालन म्हणाली,
घराला चाकं लावणारा माणूस बघितला न्हवता अजून.
मी न्हाई येणार.
घरातनं उठून घरातच बसायचं, तर जायचं कशाला?

दिवाळीची सुट्टी. नातवंडं तीन.
शर्वाणीनं वहीत गगनबावड्यापर्यंतचा नकाशा काढलेला,
त्यात घाट म्हणजे फिसकटलेली चकली.
इंद्रजितनं बॅट घेतली, उशी घेतली,
आणि एक बंद पडलेलं घड्याळ.
का, ते विचारायचं नाही.
धाकटी केतू गाडी निघायच्या आधीच झोपली.

रंकाळा गेला, फुलेवाडीचा नाका गेला,
गतिरोधकावर डबे वाजले.
"आबा, घर हललं!"
मी म्हटलं, हलणारच.

बालिंग्याच्या पुलाअलीकडं
गाडीनं एकदा खाकरून घेतलं
आणि बसली ती म्हशीसारखी.
बॉनेट उघडलं, बंद केलं,
पुन्हा उघडलं. पोरं बघत होती म्हणून.
मुबारक फोनवर म्हणाला, आबा, मी सासुरवाडीला, सकाळी येतो.

घरापासून आठ किलोमीटर.
मला लाज वाटली,
पण पोरांच्या लेखी आम्ही पोचलो होतो.
गुऱ्हाळावरच्या चौगुल्यानं वाटीभर गरम काकवी दिली,
इंद्रजितची हनुवटी रात्रीपर्यंत चिकट.

सांजेला ऊसतोडीच्या बैलगाड्या आल्या.
ट्रंका, चुली, उलटी बांधलेली खाट,
टोपलीखाली कोंबड्या.
एका गाडीवरचं पोरगं आमच्या खिडकीला भिडलं.
शर्वाणी म्हणाली, हे आमचं घर आहे. चाकांचं.
ते म्हणालं, आमचं बी.
कुठं चाललाय?
कारखान्यावर. तुमी?
फिरायला.
त्यानं त्या शब्दाकडं जरा वेळ बघितलं.
मग बैल पुढं गेले.
शर्वाणी वही उघडून बसली,
काढलं मात्र काही नाही.

आठच्या सुमाराला पत्र्यावर टकटक.
बाहेर रिक्षा, रिक्षापुढं मालन,
हातात पिशवी, पिशवीत पिठलं-भाकरी.
इंद्रजितनं दार अर्धंच उघडलं.
"कोण पाहिजे?"
"हितं आबा ऱ्हात्यात न्हवं?"
"राहतात. चप्पल बाहेर काढा."

तिनं काढली.
केतूनं ओढत ओढत उशी आणून बसायला दिली,
शर्वाणीनं पाणी दिलं,
चहा ठेवला, साखर विसरली.
बेचाळीस वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला
आधी पाणी, मग चहा देणारी ही बाई
गुडघ्यांवर हात ठेवून
पाव्हणी होऊन बसली, इकडंतिकडं बघत,
माझ्या फळ्या, माझे खिळे, माझा कप्पा.
मला उगाच उभं राहावंसं वाटलं,
पण छत बुटकं.
बिनसाखरेचा चहा संपवून म्हणाली,
झ्याक झालाय.

रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला.
तिनं खिडकीतूनच सांगितलं,
जावा तुम्ही. सकाळी बघू.
आणि पिशवी हुकाला अडकवली.

रात्री भोगावतीवरनं गार वारा आला,
पाच जणं दोन बाकांवर,
कुणाचा पाय कुणाचा, कळेना.
झोपेत केतूनं विचारलं, आजी, कुठवर आलो?
लांब, मालन म्हणाली. लई लांब.

मग फळ्यांतनं मुंग्या निघाल्या,
अठरा वर्षांची साखर हुंगत, ओळीनं.
मालन उठून बसली, बॅटरी मारली.
जन्मभर पॅटर्न केलं, म्हणाली,
आणि फळीला फट ठेवलीसा.