डाग

सळई अजून आहे आमच्याकडे.
टोकाला तळहाताएवढा चंद्र,
चंद्राच्या पोटात एक टिंब.
वजन सव्वा शेर, असं सांगत आले सगळे.
मी एकदा तोलून पाहिली भुसाराच्या दुकानात, जरा लाजतच.
काटा कमी दाखवत होता.

सुबाना मेटकरी हिनं जनावरं डागायचा
बोरामणीच्या माळावर,
जिथं ओढ्याच्या अल्याड राणीचं राज्य, पल्याड मोगलाई,
आणि मधे चुना फासलेला एक दगड.
गाई त्याला अंग घासायच्या,
म्हणून दर दिवाळीला सरकारी माणूस
नव्यानं चुना घेऊन यायचा.

दोनशे खिलार. बोरीच्या काट्यांचं कुंपण.
रात्री लांडगे, पहाटे माळढोकाचा घुमारा.
हिशेबाला कागद नव्हता, काळ्या लोकरीची दोरी होती.
वासरू झालं की गाठ.
लांडग्यानं नेलं की ठकूबाई गाठ सोडायची, दातांनी,
आणि त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही.
पाच पोरं झाली, दोन राहिली.
त्यांच्याही गाठी होत्या का त्याच दोरीत,
हे कुणाला विचारावं?

एका शिमग्याला सुबानाला नाक्यावर धरलं:
जनावरं पल्याड चरली, चराई भरली नाही.
आठ दिवस खोड्यात.
इकडं एकतीस वासरं डागायची राहिलेली,
आणि माळावर चोरांचा माग.
धुळानं शिंगं धरली.
लखा अकरा वर्षांची.
तिनं सळई लाल केली गोवऱ्यांत,
परकराचा ओचा दातात धरला
आणि डागत सुटली, जळक्या केसांच्या वासात,
रडत नव्हती, धुरानं डोळे गळत होते, इतकंच.

सुबाना आला, वासरं पाहिली.
सगळे चंद्र उलटे.
बापाचा चंद्र मावळतीकडं बघायचा,
पोरीचा उगवतीकडं.
लोखंड तेच. हात दुसरा.
ठकूबाई म्हणाली, आता मारतोय हा.
तो एका पाडीच्या मांडीवर बोट फिरवत बसला बराच वेळ.
मग म्हणाला,
"आसू दे. तुजी तुला वळकू येत्याल."

पुढची दोन वर्षं मला नीट सांगता येत नाहीत,
कारण मला कुणी नीट सांगितली नाहीत.
एवढं कळतं, की पवन्या गवताचं नाव
घरात कुणी घेत नव्हतं.
ठकूबाईच्या अंगावरचे डाग गेले:
आधी पुतळ्या, मग वाक्या, शेवटी जोडवी,
कडब्याच्या एकेका पेंढीमागं एकेक.
मायलेकी तळ्याच्या कामावर माती वाहायला गेल्या,
दिवसाला दीड आणा.
सुबाना नि धुळा खिल्लार घेऊन ओढा उतरले,
बालाघाटाकडं पाणी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं.
वाटेत विकली, वाटेत मेली, वाटेत सोडून दिली.
परत आला तो नऊ गाई घेऊन,
धुळाशिवाय.
ठकूबाईनं दोरी काढली नाही.
ती चुलीच्या वर तशीच लोंबत राहिली, गाठींसकट,
काजळी धरत.

लखा दिली बाळ्याला. दोन म्हशी, उसाभर काम.
गड्ड्याच्या जत्रेत, कितीतरी वर्षांनी,
बैलबाजारातून जात होती डोक्यावर घमेलं घेऊन,
आणि थांबली.
उदगीरकडच्या व्यापाऱ्याचा बैल,
म्हातारा, पण रंगवलेल्या शिंगांचा.
मांडीवर, केसांच्या खाली, चंद्र.
उगवतीकडं तोंड केलेला.

तिनं तळवा टेकवला.
बैलानं कातडी थरथरवली, माशी बसल्यावर थरथरवतात तशी.
ओळख म्हणावी तर तेवढीच.

"घ्याचाय का बाई? चाळीस रुपय."
तिच्या कनवटीला अकरा आणे.
तिनं विचारलं, खातोय का नीट.
खातोय.
रात्री बांधता का मोकळा?
व्यापारी हसला.
"बांधावंच लागतंय. मोकळा सोडला
की पळतंय वड्याकडं, मावळतीला.
कुटला वडा, आमाला ठावं न्हाई."