कुंभार उर्फ कुंबार

समाजाच्या स्कॉलरशिपचा फॉर्म चार पानी आहे.
पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर पप्पांचं उत्पन्न,
तिसऱ्यावर नुसत्या रेघा आणि वर एक प्रश्न :
‘शिक्षण घेऊन आपण समाजासाठी काय कराल?’
(दोनशे शब्द.)

खानापूरच्या नाडकचेरीच्या खिडकीतून
वैजयंता नागोजी कुंभार आत गेली,
एकवीस दिवस ‘नाळे बा, नाळे बा’ ऐकून
वैजयंता नागोजी कुंबार होऊन बाहेर आली.
भ मधली हवा तेवढी
आतच राहिली, शिक्क्यांच्या डब्याशेजारी.

उत्पन्न : वर्षाला बत्तीस हजार.
पप्पांनी दाखला उलटा-सुलटा करून बघितला.
‘गणपतीच्या सीझनलाच एवढं होतंय की गं.’
आई चुलीपुढून म्हणाली, ‘गप बसा,
फॉर्म आहे तो.’

शहापूरच्या मंडळाचे सेक्रेटरी फोनवर :
‘मार्कलिस्टवर एक, दाखल्यावर एक,
कमिटी विचारणारच की. ॲफिडेव्हिट जोड.’

कोर्टासमोरच्या झाडाखाली टायपिस्ट
माझ्याशी मराठीत बोलत
बाँडवर कन्नडात बडवत होता.
बडवून झालं की मला मराठीत वाचून दाखवायचा :
कुंभार आणि कुंबार ही एकच व्यक्ती असून
ती व्यक्ती मीच आहे.
मग चष्म्यावरून बघून,
‘मीच आहे’वर बोट ठेवून :
‘बरोबर हाय न्हवं?’

बाँड, नोटरी, झेरॉक्स धरून चारशे दहा गेले.
मिळालीच तर स्कॉलरशिप सहा हजारांची.

रात्री तिसरं पान.
‘समाजाची उन्नती’ लिहिलं, खोडलं.
‘पारंपरिक कला’ लिहिलं, तेही खोडलं.
मला चाक फिरवता येत नाही,
माझा मटका कानातच बसतो.
मी बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री आवडते,
भट्टीत माती लाल का होते एवढं मला सांगता येतं,
पण कमिटीनं ते विचारलेलं नाही.

शेवटी लिहिलं :
पुढच्या वर्षी ज्यांना हा फॉर्म भरायचाय
त्यांनी आमच्या घरी यावं.
मंगळवारी नाडकचेरीत गर्दी कमी असते.
आडनाव आधी कन्नडात पेन्सिलीनं लिहून
खिडकीतून आत सरकवावं,
आणि भ च्या खालची बारीक रेघ
बोटानं दाखवावी. दोनदा दाखवावी.
मी सोबत येईन.

शब्द मोजले. पन्नासही नव्हते.
खालच्या रेघा तशाच सोडल्या
आणि सही करताना
आडनावापाशी थोडी थांबले.