आधी दोर

सप्टेंबर उजाडला की आम्ही दोर बांधायला निघतो,
पुन्ता अरेनासच्या चौकाचौकांतून,
खांबापासून खांबापर्यंत, कमरेच्या उंचीवर.
नगरपालिकेच्या वहीत नोंद असते: इतके मीटर, इतक्या गाठी,
सही, एडुविना बाराहोना.
सामुद्रधुनीवरून वारा सुटला की
चांगला शंभर किलोचा खाटीकसुद्धा
टोपी सोडून देतो आणि दोर धरतो.
त्याला कुणी हसत नाही.

येर्कोला हसत.
माशांच्या कारखान्यातल्या दानित्साचा मुलगा, चौदा वर्षांचा.
शब्द त्याच्या ओठांशी येऊन अडायचा,
दार सताड उघडं असून
उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.
वर्गातल्या कुणीतरी त्या अडलेल्या तोंडाचा फोटो काढला,
त्याचं स्टिकर केलं.
गृहपाठाच्या गप्पांत ते यायचं, कुणी गोल केला की यायचं,
रात्री दोन वाजता, उगाचच, यायचं.
कानात वारं शिरलेली वासरं, म्हणाले मुख्याध्यापक.
पण वासरं काही
शोधून शोधून एकालाच तुडवत नाहीत.

हे सगळं मला नंतर कळलं.
त्या दिवशी फक्त एक मुलगा दिसला.
नोव्हेंबरातले संध्याकाळचे सात, ऊन अजून लख्ख,
दोर हाताच्या अंतरावर,
आणि हात खिशात.
वारा त्याला ढकलत होता
आणि तो ढकलू देत होता.

"धर की!" मी ओरडले.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
तसं पाहणं मी एकदा पाहिलंय,
आमच्याच घरात, जेवणाच्या टेबलापलीकडे, भावाच्या डोळ्यांत,
आणि म्हटलं होतं, "मीठ दे."
एकवीस वर्षं झाली.
ते मीठ अजून जिभेवर आहे.

म्हणून या वेळी जवळ गेले
आणि "भूक लागली का" विचारावं तसं सरळ विचारलं,
"जगणं नकोसं झालंय का रे? मरावंसं वाटतं?"

त्याचा "ह" अडला.
सगळे त्याचे शब्द घाईघाईनं पुरे करून द्यायचे,
मी दिला नाही.
माझा रुमाल उडून गेला, तरी थांबले.
"हो," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं,
"रो... रोज नाही."

रोज नाही.
त्या दोन शब्दांत एका माणसाला
टेकण्यापुरती जागा होती. मी टेकले.

सगळं ठीक होईल, असं म्हटलं नाही. मला काय माहीत?
आईचा विचार कर, असंही नाही.
म्हटलं, "ही गाठ ओढायला दोघं लागतात. हे टोक धर."
खोटं होतं. ती गाठ मी कित्येक वर्षं एकटीच ओढतेय.
त्यानं धरलं.

मग हातामागून हात सरकवत कारखान्याच्या फाटकापर्यंत.
दानित्सा बाहेर आली, बाह्यांवर खवले.
आधी माझ्यावर चिडली, मग शाळेवर,
मग हातमोजे काढायला लागली आणि ते निघेचनात.
त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात
कॉफीच्या यंत्रानं माझे पैसे गिळले.
आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता,
आणि मधली लांब लांब शांतता,
म्हणजे तो बोलत होता.

स्टिकर अजून फिरतं.
आंतोनेया नावाच्या मुलीनं तो ग्रुप सोडला
आणि त्याला लिहिलं, "मीपण हसले होते."
त्यानं उत्तर दिलेलं नाही. देईल न देईल.
दर गुरुवारी तो मानसोपचारवाल्यांकडे जातो.
काही गुरुवारी अंथरुणातून उठत नाही,
मग दानित्सा मला फोन करते, मी पाव घेऊन जाते,
आणि आम्ही तिघं काही न बोलता खातो.

पोरांना वाऱ्यावर सोडू नये, म्हणतात.
आमच्या गावात सोडावंच लागतं,
शाळा वाऱ्यापलीकडे आहे.
फक्त आधी दोर बांधायचा.

या सप्टेंबरात तो चौकात आला,
माझी गाठ चाचपून बघितली.
"ही स... स..."
मी थांबले. वारा थांबला नाही.
"...सैल आहे."

होती.
सोडली, पुन्हा बांधली.