थांबा

पहाटे पाचला त्यांनी माझा चेहरा काढून घेतला.
म्हणजे गुलाबी लुकण फासलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत,
भुरा टोप चढवला, हातांत कातडी मोजे,
आणि मेकअपवाली पोरगी आरसा पालथा ठेवून
चहा प्यायला गेली.
नायक हॉटेलात झोपला होता.

मी डार्नली गिटन्स.
छप्पन साली इथूनच, बार्बाडोसहून, बोटीनं लंडनला गेलो.
आधी बसची घंटी ओढली, मग चाक धरलं,
मग घसरपट्टीवर मास्तर:
ओल्या डांबरावर दुमजली बस मुद्दाम घसरवायची
आणि शेजारच्या नवशिक्याला सांगायचं,
ब्रेक विसर. ती जिकडे चाललीय तिकडेच चाक वळव,
रुसलेल्या माणसाशी वागावं तसं.
सोळा वर्षं लोकांना न घसरायला शिकवलं.
आता घसरायचे चौपट मिळणार होते.

बस जहाजातून आणलेली, लाल.
पाटीवर नसलेल्या देशातल्या नसलेल्या गावाचं नाव.
खाली वाळूची पोती,
वर सोळा पुतळे, टोप्यांसकट तारेनं बांधलेले.
वळणावर साबणाचं पाणी, त्यावर मळी;
ऊसतोडीचे दिवस, मळीला तोटा नव्हता.
मागे दोन काळ्या मोटारी, फुसके बार काढत.

पहिला टेक.
काटा पंचेचाळीसवर थरथरतोय,
खांदे तयार,
आणि वळणाच्या अलीकडे, थांब्याच्या खांबाशी
मिस एथलिन.
डोक्यावर रताळ्यांची टोपली, काखेत कोंबडी,
हात पुढे.

दोरखंड होते, पोलीस होते, कर्णा होता.
ती उसातून आली, तिच्या रोजच्या वाटेनं.
थांबा जागच्या जागी होता, आणि बस येत होती.

मी थांबवली.
ठरवून नाही. हात दिसला की
माझा पाय मला विचारत नाही.
मागची मोटार गरकन फिरून चरात गेली,
दुसरी तिच्यावर.
वरचा एक पुतळा तार तोडून
काचेला कपाळ टेकून बसला.
कर्ण्यातून माझ्या आईचा उद्धार झाला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

मिस एथलिन खिडकीखाली आली.
माझ्या गुलाबी तोंडाकडे बघत,
शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत:
साहेब, सिक्स क्रॉस रोड्सला जाते का?
मी म्हणालो, ही कुठंच जात नाही, मिस एथलिन.

तिनं मान तिरकी केली. कोंबडीनंही केली.
हा आवाज गिटन्सांच्या पोराचा, ती म्हणाली.
बोटीनं गेलेला तो.
त्याचं काय केलंत तुम्ही?

दुसरा टेक साडेतीनला. तो जमला.
आधी मागचा भाग निघाला, सावकाश,
थोराड बाई नाचायला उठावी तसा,
एका बाजूची चाकं जमीन विसरली,
उसाचे शेंडे काचांवर तडतडत गेले,
मी चाक वळवलं, ती चालली होती तिकडे,
आणि ती तोंड फिरवून उभी राहिली.
टाळ्या पडल्या. कुणीतरी नायकाला उठवायला धावलं.

पुढच्या वर्षी कॅम्बरवेलला पाहिला सिनेमा.
अकरा सेकंद.
वळणाआधी त्याचा चेहरा, वळणानंतर त्याचा चेहरा,
मध्ये दोन हातमोजे.
बायकोनं विचारलं, यात तू कुठला?
मी म्हणालो, बस.

दोन टेकांमधलं कुणी चित्रित केलं नाही.
जेवणाची सुट्टी होती, किल्ली माझ्यापाशी.
मिस एथलिन वाळूच्या पोत्यावर बसली,
वर सोळा पुतळे,
आणि मी, घामानं ओघळणारं ते गुलाबी तोंड घेऊन,
तीन मैल, पंधराच्या वेगानं.
सिक्स क्रॉस रोड्सला तिनं मागची काच ठोकली.
मी असा थांबलो
की एक रताळं गडगडलं नाही.